सुटल्यावर पुढे काय? पॅपिलॉनची व्हेनेझुएलातली बावीस वर्षं

गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या वाचन कट्ट्यावर दर महिन्याला एक प्रकरण घेतो. एकाने एखाद्या माणसाबद्दल नीट वाचून यायचं, सगळं मांडायचं, मग बाकीच्यांनी उलटतपासणी करायची. गेल्या खेपेला पाळी माझी होती आणि मी पॅपिलॉन घेतला, फ्रान्सच्या काळ्या पाण्यावरून पळालेला आणि त्यावर त्याच नावाचं पुस्तक लिहिणारा कैदी. नाव काढल्याबरोबर सगळे म्हणाले, अरे हे काय नवीन, रवींद्र गुर्जरांचा अनुवाद आमचा कधीच वाचून झालाय. खरंच आहे ते. आमच्यातल्या निम्म्यांना ती नारळाची पोती, ती एकांतकोठडी, तो समुद्र तोंडपाठ आहे. मी म्हटलं ते नकोच आज, पहिलं पुस्तक जिथे संपतं तिथून पुढचं घेऊया. त्याने १९७२ मधे दुसरं पुस्तक काढलं, 'बँको', त्यात सुटल्यावर परक्या देशात त्याने काय केलं ते आहे. मी ते इंग्रजीतून वाचलं, रोज रात्री जेवणानंतर थोडं थोडं, आणि वह्या भरून टिपणं काढली.

हे का घेतलं ते आधीच सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं डिचोलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. २०१३ मधे माझ्याकडे एक माणूस कामाला आला, आग्वादच्या तुरुंगातून सुटून आलेला. नाव लिहीत नाही. भांडणात त्याच्या हातून माणूस गेला होता, त्याची शिक्षा भोगून आला होता. पॅपिलॉन त्याने तुरुंगात वाचलेलं, दोनदा. एकदा दुपारी डबा खाताना त्याने मला विचारलं, शेट, तो सुटल्यावर पुढे काय झालं हो त्याचं, कुठे राहिला, कोणी ठेवून घेतला त्याला? मला माहीत नव्हतं. दुसरं पुस्तक आहे हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हटलं झालं असेल काहीतरी बरं. तर हे सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे, खूप उशिरा दिलेलं.

आता माणूस थोडक्यात. हेन्री शॅरियर, जन्म १६ नोव्हेंबर १९०६, फ्रान्सच्या आर्देश भागातला, आईवडील दोघेही शिक्षक. आई तो लहान असतानाच वारली. सतराव्या वर्षी नौदलात गेला, तिथून बाहेर पडला तो थेट पॅरिसच्या चोरट्यांच्या दुनियेत, तिजोऱ्या फोडणारा म्हणून. छातीवर फुलपाखरू गोंदलेलं, फ्रेंचमधे फुलपाखराला पॅपिलॉन म्हणतात, तेच नाव पडलं. ऑक्टोबर १९३१ मधे रोलां ल पती नावाच्या माणसाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. हा ल पती बायकांच्या धंद्यातला दलाल होता. खून मी केला नाही हे शॅरियर शेवटपर्यंत म्हणत राहिला. १९३३ मधे जहाजात घालून फ्रेंच गयानाला पाठवला. ते म्हणजे फ्रान्सचं काळं पाणी. पुढच्या पळापळीत मी जात नाही. शेवटी व्हेनेझुएलात पोचला, तिथेसुद्धा आधी एल दोरादोच्या सक्तमजुरीच्या वसाहतीत टाकला, आणि १९४५ मधे कागद हातात देऊन सोडला. तेव्हा तो चाळिशीला आलेला. मला हवी होती ती इथपासून १९६७ पर्यंतची बावीस वर्षं.

कट्ट्यावरचा पहिला आक्षेप अपेक्षितच होता, की हा माणूस खोटारडा आहे, याच्यावर प्रकरण कशाला बांधता. आक्षेपात दम आहे. पहिलं पुस्तक १९६९ मधे आलं आणि दुसऱ्याच वर्षी एका फ्रेंच पत्रकाराने त्यातली थापेबाजी दाखवायला अख्खं पुस्तक लिहिलं. गयानाजवळचं डेव्हिल्स आयलंड हे बेट मुख्यतः राजकीय कैद्यांसाठी होतं, देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या ड्रेफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला ठेवलं होतं ते हेच, आणि शॅरियर तिथे होता असं गयानाच्या कागदपत्रांवरून दिसत नाही. इतर कैद्यांच्या गोष्टी त्याने स्वतःच्या म्हणून सांगितल्या हे आता बहुतेक सगळे मानतात. २००५ मधे तर शंभरी ओलांडलेला एक माजी कैदी फ्रान्समधे पुढे आला, म्हणाला खरा पॅपिलॉन मीच. तर मी काय केलं, वहीचं पान मधोमध दुमडलं. एका बाजूला पक्कं ते लिहिलं: शिक्षा, गयाना, व्हेनेझुएलातलं राहणं, तिथलं लग्न, हॉटेल, भूकंप, पुस्तक. दुसऱ्या बाजूला जे फक्त त्याच्या तोंडचं आहे ते. दुसरी बाजू बरीच लांब झाली. पण त्या बाजूलाही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सुटलो आणि सुधारलो असं लिहिणं त्याला सोपं होतं, त्या जागी हा स्वतःच लिहितो की सुटल्यावर मी परत चोऱ्या करायला गेलो. फुशारकी असेलही त्यात. तरी माझ्या वर्कशॉपमधे चार-साडेचार महिने जे मी बघितलं त्याच्याशी हे जास्त जुळतं.

गयानाबद्दल एक गोष्ट मला आधी अजिबात माहीत नव्हती आणि या सगळ्या वाचनात तीच माझ्या डोक्यात जास्त राहिली. तिथे १८५२ पासून जवळजवळ शंभर वर्षं कैदी पाठवले, ७० ते ८० हजार माणसं, त्यातली कितीतरी तापाने आणि उपासमारीने मेली. पण शिक्षा संपली म्हणून माणूस घरी जात नव्हता. १८५४ च्या कायद्यात होतं की आठ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर शिक्षा संपल्यावर तेवढीच वर्षं आणखी गयानातच राहायचं, आणि आठ किंवा जास्त असेल तर मरेपर्यंत. म्हंजे सुटका झाली, पण जायचं कुठे नाही. काम कोण देणार? फुकटात राबणारे कैदी सरकार पुरवत असताना पैसे देऊन सुटलेल्याला कोण ठेवून घेईल? हे सुटलेले लोक गयानातल्या सेंट लॉरेंट गावाच्या रस्त्यांवर भीक मागत, फुलपाखरं पकडून विकत, बाजाराच्या छपराखाली झोपत. अल्बेर लोंद्र नावाचा पत्रकार १९२३ मधे तिथे गेला होता, त्याने लिहिलं की खरी काळ्या पाण्याची शिक्षा सुटकेनंतरच सुरू होते. हे मी वाचून दाखवलं तेव्हा कट्ट्यावर जरा शांतता झाली. आमच्यातले एक काका वकिली करायचे, ते एवढंच म्हणाले, हे आपल्याकडे कायद्यात नाही लिहिलेलं, एवढाच फरक.

आता एल दोरादोच्या फाटकाबाहेर काय झालं ते बघा. शॅरियर एकटा सुटला नव्हता, त्याच्याबरोबर पिकोलिनो नावाचा एक अपंग, धड बोलता न येणारा साथीदार होता, आणि याने त्याला टाकून दिलं नाही, बरोबर घेतला. दोघं एल कायाओ नावाच्या गावात आले. हे सोन्याच्या खाणींचं गाव. तिथे एका घराने त्यांना ठेवून घेतलं. हे दोघं कुठून आलेत ते गावाला माहीत होतं, त्या वाटेने येणारा माणूस दुसरीकडून कुठून येणार. तरी जेवायला वाढलं, झोपायला जागा दिली, त्या आजाऱ्याला सांभाळलं. मग त्याला तिथल्या खाणीत काम मिळालं. पहिल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्याने आधी व्हेनेझुएलाच्या लोकांना, पारियाच्या आखातातल्या गरीब कोळ्यांना आणि मला परत जगायची संधी देणाऱ्या सगळ्यांना असं लिहिलंय, बायकोचं नाव त्याच्यानंतर. ती ओळ मी आधी नुसती चाळून पुढे गेलो होतो. आता कळतं की ती त्याने मोजून लिहिलीय.

इथे माझ्या माणसाकडे परत यावं लागतं. त्याला भाड्याने खोली मिळेना. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, तो फॉर्म समोर आला की मालक म्हणायचे, बघतो, घरच्यांना विचारतो. तीन ठिकाणी असं झालं. शेवटी मी त्याला वर्कशॉपच्याच पोटमाळ्यावर झोपायला सांगितलं, तिथे पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं ते मला माहीत आहे, पण त्याने हूं की चूं केलं नाही. काम उत्तम. वेल्डिंगचा रॉड लावण्याआधी तो भंगाराच्या तुकड्यावर दोनदा टेकवून बघायचा, मगच खऱ्या कामाला लावायचा, आणि वरचा जळका थर, स्लॅग, झाडल्यावर टाका असा दिसायचा की ग्राइंडर फिरवायची गरज नाही. गेटला रंग द्यायच्या आधी तो जोडावरून अंगठा फिरवायचा, प्रत्येक जोडावरून, एकही न सोडता. आमचे जुने कारागीर ते बघून गप्प बसायचे.

कामाची टंचाई होती पण. हे डिचोलीबाहेरच्यांना सांगावं लागेल. आमचा तालुका खाणीचा. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या, आधी सरकारने थांबवल्या, मग सुप्रीम कोर्टाने. माझं निम्मं काम टिपरच्या बॉडीचं होतं, हौदे, फाळके, बार्जची किरकोळ कामं. ते एका पावसाळ्यात गेलं. उरली ती खिडक्यांची ग्रील आणि तुळशीवृंदावनाभोवतीचं कुंपण. अशा वेळी सुटलेल्या माणसाला कामावर ठेवणं म्हणजे गावातला दुसरा कोणीतरी घरी बसणार, आणि तो दुसरा येऊन विचारणारच. हे मी कट्ट्यावर सांगितलं ते यासाठी की शॅरियरच्या नशिबाचा मोठा भाग हाच आहे असं मला वाटतं. १९४५ चा व्हेनेझुएला म्हणजे तेलाचा पैसा वाहणारा देश. माराकायबोच्या आसपास तेल कंपन्या, काराकास वाढतंय, हात कमी आणि काम जास्त. युरोपातून माणसं येतच होती, त्यात हा एक. त्याला तेलाच्या कंपनीतही काम मिळालं. चांगुलपणा होताच त्या लोकांचा, पण ज्या गावात कामाला माणूस मिळत नाही त्या गावाला चांगुलपणा परवडतो सुद्धा. एक वहिनी यावर माझ्याशी भांडल्या, म्हणाल्या गरीब कोळ्यांनी दिलं म्हणतोय ना तो, श्रीमंतांनी नाही. मान्य. मी माझं म्हणणं सगळं मागे घेत नाही, पण मान्य.

मग तो भाग येतो जिथे कट्ट्यावरचे लोक चिडले. एवढं घर मिळालं, काम मिळालं, गावाने माया लावली, आणि हा काय करतो, तर एल कायाओ सोडून निघतो. हिऱ्यांच्या खाणीत जोजो नावाच्या साथीदाराबरोबर जुगाराचा अड्डा चालवतो, त्यात जोजोचा खून होतो. काराकासला येतो, एका बँकेखाली बोगदा खणायच्या कटात शिरतो. तो फसतो. एका पेढीवर, जिथे दागिने गहाण ठेवतात तिथे, दरोडा घालायला जातो. तोही फसतो. कारण काय, तर त्याला पॅरिसला परत जाऊन सूड घ्यायचा होता, ज्या सरकारी वकिलाने त्याला शिक्षा लावली, ज्याने खोटी साक्ष दिली, ज्या पोलिसांनी ती तयार केली त्या सगळ्यांवर. आणि त्यासाठी भरपूर पैसा हवा. मजुरीने तेवढा पैसा जन्मात जमला नसता.

आमच्यातला कॉलेजवाला मुलगा म्हणाला, मग याला दुसरी संधी देणाऱ्यांचं चुकलं ना? मला याचं लगेच उत्तर आलं नाही. नंतर घरी येताना सुचलं ते असं: एल कायाओच्या त्या घराने त्याच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. त्यांनी जेवायला वाढलं तेव्हा हा आता चांगला वागेल अशी अट नव्हती. आणि गंमत म्हणजे, गंमत हा शब्द बरोबर नाही, विलक्षण म्हणतो, त्याने जे धंदे केले त्या सगळ्यात त्याला ते घर आठवत राहतं. तो लिहितो की त्या लोकांना तोंड दाखवता आलं पाहिजे. ते लगेच लागू पडलं नाही. सहा-सात वर्षं लागली. पण तेवढ्या वर्षांत तेच एक घर होतं ज्याच्यासमोर त्याला लाज वाटत होती. पॅरिसच्या कोर्टासमोर त्याला कधीच लाज वाटली नाही, नुसता राग.

बदल झाला तो माराकायबोत. तिथे रीटा नावाची बाई हॉटेल चालवायची, व्हेरा क्रूझ नावाचं. हा तिथे उतरला आणि मग तिथलाच झाला, लग्न केलं, दोघांनी मिळून हॉटेल चालवलं. मला या भागात एकच गोष्ट दिसत राहते, ती म्हणजे किल्ल्या. हॉटेल म्हणजे काय, तर काउंटरमागे किल्ल्यांचा फळा, प्रत्येक खोलीत परक्या माणसाची बॅग, त्यात पैसे, कागद, दागिने. तिजोऱ्या फोडणाऱ्याच्या हातात त्या बाईने हा फळा दिला. तो काय होता हे तिला ठाऊक होतं. पुस्तकात त्याने किल्ल्यांवर असं काही वेगळं लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण ज्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि संध्याकाळी शटर कोणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न ज्याला रोज पडतो त्याला हे दिसल्याशिवाय राहत नाही. मी त्या माणसाला पोटमाळा दिला होता. शटरची किल्ली मी रोज माझ्याबरोबर घरी आणायचो. तो आत झोपायचा आणि बाहेरून कुलूप मी लावायचो. आग लागली असती तर? हा विचार मला तेव्हा एकदाही आला नाही, हे पुस्तक वाचताना आला, रात्री साडेअकराला, आणि मग झोप लागली नाही.

त्यानंतर शॅरियरची कथा चढउताराची आहे, ती मी भरभर सांगितली. तो व्हेनेझुएलाचा नागरिक झाला. वडील वारल्याचं कळलं, त्यांना परत भेटता आलं नाही हे त्याच्या मनाला फार लागलं, पुस्तकात वडिलांवर एक आख्खं प्रकरण आहे आणि मला ते सगळ्यात खरं वाटलं. काराकासला रेस्टॉरंट, नाइटक्लब काढले. कोळंबीचा धंदा काढून बघितला, बुडाला. जानेवारी १९५८ मधे तिथली लष्करी हुकूमशाही पडली, ती धामधूम त्याने बघितली. सूड मात्र मागे मागे जात राहिला. कधी सोडला याची तारीख तो देत नाही, आणि मला वाटतं अशी तारीख नसतेच. दुकान उघडायचं असतं, बिलं भरायची असतात, मुलांचं बघायचं असतं, त्यात पॅरिसला जाऊन माणूस मारायचं राहून जातं.

मग २९ जुलै १९६७. काराकासला मोठा भूकंप झाला, शेकडो माणसं गेली, आणि त्यात याचा धंदा बसला. साठीचा माणूस, हातात काही नाही. तेव्हा त्याच्या हातात एक फ्रेंच पुस्तक पडलं, अल्बेर्तीन साराझँ हिचं. ही बाई स्वतः तुरुंगाच्या भिंतीवरून उडी मारून पळालेली, त्यात तिच्या घोट्याजवळचं हाड मोडलं, त्या हाडाचंच नाव तिने पुस्तकाला दिलं. त्या पुस्तकाच्या किती प्रती खपल्या ते वाचून याला वाटलं, एका मोडलेल्या हाडावर हिने एवढं लिहिलं, माझ्याकडे तर किती आहे. शाळेच्या वह्या आणल्या आणि लिहायला बसला. दोन वह्या भरल्या, मग आणखी अकरा. त्या फ्रान्सला धाडल्या. १९६९ मधे पुस्तक आलं, एकट्या फ्रान्समधे पंधरा लाखांच्या वर खपलं. १९७० मधे फ्रान्सने त्याला माफी दिली. २९ जुलै १९७३ ला माद्रिदमधे घशाच्या कॅन्सरने वारला. भूकंपाची आणि मरणाची तारीख एकच, हे मी दोनदा तपासलं.

गोव्यात बसून पळालेल्या माणसावर बोलायचं तर दोन नावं निघणारच, ती निघाली. एक चार्ल्स शोभराज, तो कुख्यात खुनी. मार्च १९८६ मधे तिहारमधून पळाला आणि तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, पर्वरीच्या एका रेस्टॉरंटात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला पकडला. त्या वेळचे पेपर आमच्यातल्या दोघांनी अजून जपून ठेवलेत. पण त्यात आमच्या प्रश्नाला काही नाही, तो माणूस कुठे आयुष्य उभारायला आला नव्हताच. दुसरं नाव जास्त मोलाचं, टी. बी. कुन्हा. त्यांना गुन्हेगाराच्या पंगतीत बसवायचं नाही हे आधीच स्पष्ट करतो, त्यांचा गुन्हा म्हणजे पोर्तुगीजांविरुद्ध बोलणं. १९४६ मधे पकडले, लष्करी कोर्टाने आठ वर्षं दिली, पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवले. सुटल्यावरही लिस्बनमधे पहारा. तिथून १९५३ मधे ते निसटून पॅरिसला गेले आणि तिथून मुंबईला, परत कामाला लागले. पॅरिसमधे ते तरुणपणी शिकले होते, मुंबईत गोव्याची माणसं त्यांची वाट बघत होती. शॅरियर एल कायाओत उतरला तेव्हा त्याची वाट बघणारं जगात कोणी नव्हतं. म्हणून त्याला जे घर मिळालं त्याची किंमत माझ्या लेखी जास्त.

शेवटी एक आजी बोलल्या, त्या दर वेळी गप्प असतात. त्यांनी विचारलं, तो जो मेला, त्याच्या घरचं कोणी बघितलं का? ल पतीचं. कोणी नाही. दोन जाड पुस्तकं, त्यात तो माणूस म्हणजे एक नाव आणि एक धंदा. त्याला आई होती का, ती काय म्हणाली, काहीच नाही. मी वहीत शोधलं, माझ्याही टिपणात नव्हतं.

हा प्रश्न माझ्यापर्यंत येणारच होता, कारण माझा माणूस गेला तो याच्यावरूनच. २०१३ ची चवथ जवळ आली होती, गणपतीच्या डोक्यावर फळंपानं टांगायच्या माटोळीच्या चौकटी, ग्रील, सगळ्यांना त्याच आठवड्यात काम हवं असतं. एक बाई खिडकीचं माप घेऊन आल्या. तो शटरजवळच काम करत होता, त्याने हेल्मेट वर केलं. त्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि मापाचा कागद माझ्या टेबलावर ठेवून तशाच निघून गेल्या. त्या बाई त्याच घरातल्या होत्या, जो माणूस मेला त्याच्या भावजय. गोवा एवढा लहान आहे. इथे नवीन माणूस भेटला की दुसरंच वाक्य असतं, तू खंयचो, कोणाचो, आणि चार नावांत नातं निघतं. एल कायाओला शॅरियर कैदी आहे हे माहीत होतं, पण ल पतीची भावजय तिथे खिडकीचं माप घेऊन येणार नव्हती. समुद्र ओलांडण्याचा हा फायदा मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

मी त्या बाईंना चुकीचं म्हणू शकत नाही. त्यांच्या घरी त्या चवथीला एक माणूस कमी होता. मी मात्र काय केलं, त्याला म्हटलं थोडे दिवस मागच्या बाजूला काम कर. मागच्या बाजूला म्हणजे पाण्याच्या टाकीपाशी, जिथे गिऱ्हाईक येत नाही. तो हो म्हणाला, वायर ओढून घेतली, होल्डर उचलला. अकरा दिवसांनी, अनंतचतुर्दशी झाल्यावर, तो हिशोब घेऊन गेला. कुठे जातोस विचारलं तर म्हणाला, बघतो शेट. कट्ट्यावर सगळ्यांनी विचारलं की दुसरं काय करता आलं असतं. मी विचार करतोय. त्या बाईंच्या घरी जाऊन आधी बोलता आलं असतं, त्याला कामावर ठेवतानाच. मे महिन्यातच. ते मी केलं नाही कारण कोणाला कळणार नाही असं धरून चाललो होतो.

बांद्याच्या एका हार्डवेअरवाल्याने मला गेल्या वर्षी सांगितलं की तो कुडाळच्या बाजूला हायवेवर स्वतःची शेड टाकून आहे, दोन पोरं हाताखाली, आणि बोर्डावर पूर्ण नाव, आडनावासकट. पत्रादेवीचं चेकनाकं ओलांडून इथून तास-दीड तासाचा रस्ता. 'बँको'ची एक जुनी प्रत मी त्याच्यासाठी घेऊन ठेवलीय, इंग्रजी आहे, त्याला वाचता येईल की नाही माहीत नाही, म्हणून हॉटेलचा आणि एल कायाओचा भाग मी मराठीत लिहून काढतोय, बावीस पानं झालीत. पुस्तक गाडीच्या डॅशबोर्डमधे आहे. मी अजून गेलेलो नाही.